शेतात उभी असलेली होडी

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये निळ्या ताडपत्रीखाली एक जुनी स्कूटर उभी आहे. मालक दर दिवाळीला ताडपत्री काढतात, दोनदा किक मारतात आणि पुन्हा झाकून ठेवतात. "काका, भंगारात का देत नाही?" असं विचारलं की म्हणतात, "नीट करायचीय." गेल्या शनिवारी हे संभाषण पुन्हा झालं आणि मला जोशुआ स्लोकम आठवला. त्याचीही एक वस्तू ताडपत्रीखाली होती. फक्त ती स्कूटर नव्हती, जवळजवळ ३७ फुटांची होडी होती.

जगाला एकट्याने शिडाच्या होडीतून प्रदक्षिणा घालणारा पहिला माणूस म्हणून स्लोकमचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण मला खरी गंमत त्या प्रदक्षिणेच्या आधीच्या तेरा महिन्यांत वाटते, म्हणून आज त्याबद्दल.

स्लोकमचा जन्म १८४४ चा, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा. शिक्षण तिसरीपर्यंत. बाप चामड्याचे बूट बनवायचा आणि पोराने तेच करावं अशी त्याची इच्छा होती. पोरगा घरातून पळाला, जहाजावर चढला आणि खलाशापासून थेट कप्तानापर्यंत पोचला. एके काळी 'नॉर्दर्न लाइट' या तीन डोलकाठ्यांच्या मोठ्या जहाजाचा तो कप्तान आणि भागीदारही होता. आपल्या भाषेत सांगायचं तर तिशी-पस्तिशीतच व्हीपी झालेला माणूस!

आणि मग क्षेत्रच बुडालं. वाफेची जहाजं आली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, तो शिडाच्या जहाजांच्या फारसा कामाचा नव्हता, वाफेवाल्यांचा मात्र त्याने हजारो मैलांचा फेरा वाचवला. माल वाफेकडे वळला. उंच डोलकाठ्यांची देखणी जहाजं तोडून त्यांचे कोळसा वाहायचे पडाव केले गेले. स्लोकमची पहिली बायको व्हर्जिनिया १८८४ साली ब्युनोस आयर्सला वारली. १८८७ मध्ये त्याचं शेवटचं जहाज 'अ‍ॅक्विडनेक' ब्राझीलच्या किनाऱ्यावर वाळूत रुतून फुटलं. हा पठ्ठ्या तिथेच ३५ फुटांची होडी बांधून, दुसरी बायको हेटी आणि दोन मुलांना घेऊन अमेरिकेला परत आला. साडेपाच हजार मैल! शिडं हेटीने शिवली होती. या प्रवासानंतर हेटीचं समुद्राशी असलेलं नातं संपलं, आणि त्यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही.

१८९२ च्या हिवाळ्यात स्लोकम बोस्टनमध्ये होता. वय ४८, हाताला काम नाही. गोदीत मजुरी मिळत होती, पण त्यासाठी आधी संघटनेला पन्नास डॉलर भरायचे होते. अशा वेळी त्याला एबेन पिअर्स नावाचा ओळखीचा म्हातारा कप्तान भेटला. हा व्हेल मारायच्या धंद्यातला, त्यात लागणाऱ्या बंदुकांचे शोध लावून पैसे कमावलेला. तो म्हणाला, फेअरहेवनला ये, तुला जहाज देतो. फक्त जरा दुरुस्ती लागेल.

स्लोकम दुसऱ्याच दिवशी तिथे गेला. पाहतो तर खाऱ्या पाण्यापासून बऱ्यापैकी लांब, एका शेतात, टेकू देऊन उभी केलेली कालवं पकडायची जुनाट होडी! नाव 'स्प्रे'. गेली सात वर्षं कॅनव्हासखाली. किती जुनी, कोणाला सांगता येईना. आपल्या मित्राने आपली चेष्टा केलीय हे त्याला कळलं, पण तो परत गेला नाही.

फेअरहेवनबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. हे गाव न्यू बेडफर्डच्या समोर, नदीच्या पल्याड. एके काळी जगातले दिवे व्हेलच्या तेलावर जळायचे आणि न्यू बेडफर्ड त्या धंद्याची राजधानी होती. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि या गावांचं भविष्य ठरून गेलं. म्हणजे स्लोकम आला तेव्हा हे गाव त्याच्यासारख्याच, कौशल्य शाबूत पण मागणी संपलेल्या माणसांनी भरलेलं होतं. ते सगळे रोज येऊन कुंपणापाशी उभे राहायचे. पहिला प्रश्न: मोडणार ना? तो म्हणाला, नाही, नव्याने बांधणार. मग दुसरा प्रश्न, जो त्याला वर्षभर ऐकावा लागला: यातून काही सुटणार का?

(हा प्रश्न आपल्याकडेही असतोच. "ठीक आहे रे, पण त्यात स्कोप काय?")

कामाला सुरुवात कुऱ्हाडीने झाली. जवळचंच एक ओकचं झाड त्याने पाडलं, बोटीच्या तळातला मुख्य वासा, म्हणजे तिचा कणा, त्यातून केला. शेजारच्या शेतकऱ्याने थोड्या पैशात लाकडं ओढून आणून दिली. फासळ्यांसाठी ओकची सरळ कोवळी झाडं. त्यांना वाकवायचं कसं? लांब पेटी, तिच्यात वाफ, वाफेसाठी बॉयलर म्हणून चक्क एक हंडा. लाकूड वाफेवर मऊ झालं की ओंडक्यावर वाकवून तसंच बांधून ठेवायचं, थंड झालं की तो आकार कायम. अंगाला दीड इंच जाडीच्या जॉर्जिया पाइनच्या फळ्या. फळ्यांच्या फटींत आधी कापूस ठासायचा, वरून दोराचा काथ्या. कापसाचा थर ठासताना कुंपणापलीकडे वाद पेटला, की कापूस टिकणारच नाही, सरकणार. स्लोकमने दुर्लक्ष केलं. कापूस सरकला नाही.

एकेक जुना तुकडा काढायचा आणि त्या जागी तसाच नवा बसवायचा, अशी पद्धत. शेवटी जुन्यातलं जवळजवळ काहीच उरलं नाही. मग ही 'स्प्रे' जुनी की नवी? ग्रीक लोक हा प्रश्न थिसिअसच्या जहाजाबद्दल विचारायचे आणि आजवर त्यावर तत्त्वज्ञांची पोटं भरताहेत. स्लोकमने तो दोन ओळींत संपवला: लॉइड्सच्या नोंदवहीच्या लेखी दुरुस्त होत होत पूर्ण नवी झालेली बोट ही तीच बोट. विषय संपला. आमच्याकडे एक वीस वर्षं जुनी प्रणाली आहे. तिच्यातली मूळची एकही ओळ आज शिल्लक नाही, तरी सगळे तिला जुन्याच नावाने शिव्या घालतात, तेव्हा मला लॉइड्सचं म्हणणं पटतं. :)

आणि सगळं एकदम पाडून नवं का नाही बांधलं? माझा अंदाज असा, की जुनी होडी हाच त्याचा आराखडा होता. आकार समोर उभा होता, पिढ्यान्‌पिढ्यांच्या कोळ्यांनी ठरवलेला. कागदावर काही काढावं लागलं नाही.

खर्च त्याने सेंटपर्यंत लिहून ठेवलाय: सामानाला ५५३ डॉलर ६२ सेंट, आणि तेरा महिन्यांची स्वतःची मेहनत. वेळ थोडा जास्तच लागला, कारण मधूनमधून बंदरातल्या व्हेलच्या जहाजांवर किरकोळ कामं करून तो पोट भरत होता. अखेर लांबी ३६ फूट ९ इंच, रुंदी १४ फूट २ इंच. बसकट, रुंद, अजिबात देखणी नाही.

सुटलं का काही? आधी एक मोसम त्याने मासेमारी करून पाहिली, आणि गळाला आमिष लावायची अक्कल आपल्यात नाही असा निष्कर्ष काढला. मग २४ एप्रिल १८९५ ला तो बोस्टनहून निघाला. क्रोनोमीटर दुरुस्तीला १५ डॉलर पडणार होते, म्हणून तो घरीच ठेवला आणि एक डॉलरचं फुटक्या काचेचं पत्र्याचं घड्याळ घेतलं. २७ जून १८९८ ला न्यूपोर्टला परत. ४६,००० मैल. थर्सडे आयलंड ते कोकोस कीलिंग बेटं या २,७०० मैलांच्या टप्प्यात तेवीस दिवसांत मिळून तीन तासही त्याने सुकाणू हातात धरलं नव्हतं. चाक दोरीने बांधून ठेवायचा आणि खाली पुस्तक वाचत बसायचा. होडी आपली आपण सरळ जायची. शेवटी तो तिला फेअरहेवनला घेऊन गेला आणि पाण्यात सोडताना जिथे बांधली होती, त्याच खुंटाला बांधली.

त्याचं पुस्तक १९०० मध्ये आलं आणि गाजलं. पुढचं मात्र त्याचे भक्त घाईघाईने उरकतात. तो घरात रमला नाही. १९०६ साली न्यू जर्सीत एका अल्पवयीन मुलीशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून ४२ दिवस तुरुंगात होता, आणि तो आरोप त्याने लढवलाही नव्हता. 'स्प्रे'ची निगा कमी होत गेली. दक्षिणेकडे निघालेली ती होडी आणि तो, दोघेही पुन्हा कोणाला दिसले नाहीत. १९२४ मध्ये कोर्टाने त्याला मृत ठरवलं, तारीख धरली १४ नोव्हेंबर १९०९.

या परंपरेतली दुसरी एक बोट तर आपल्या मुंबईची आहे. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवरचा तरुण अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने कुलाब्याला सागवानात ३२ फुटांची 'सुहेली' बांधून घेतली, १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. आराखडा तेव्हाच जुनाट समजला जायचा. कारागीर इथले, हत्यारंही इथली, तासणी वगैरे. १९६८-६९ मध्ये हा माणूस तिच्यातून ३१२ दिवसांत, कुठेही न थांबता, एकटा जगाला फेरी मारून आला. असं करणारा तो पहिला. शर्यतीत नऊ जण होते, पूर्ण केली एकट्याने.

पुढे 'सुहेली' ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात सन्मानाने ठेवली. झालं काय, तिथल्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसायला लागल्या. दक्षिण महासागराने जे केलं नाही ते छपराने केलं. २००२ मध्ये त्याने तिला बाहेर काढलं आणि पुढे सत्तरी ओलांडलेल्या या गृहस्थाने फळ्या धरून ठेवणारे जुने खिळे-बोल्ट बदलायचं किचकट काम स्वतः हातात घेतलं. जून २०१८ मध्ये, सफरीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, फालमथच्या बंदरात 'सुहेली' शिडं उभारून हजर होती.

हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो वाफेचा हंडा केवढा होता रे?"