टेलपर्यंत पोचलेलं पाणी : शिक्षक प्रशिक्षणाचा इतिहास इटियाडोहहून वाचताना

संशोधनाचा विषय कुणाला सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणजे ते अमेरिकेतलं एसईएल ना? आपल्याकडे ते आलं कधी? सुरुवातीला मी एखादं साल सांगून मोकळी व्हायचे. आता नाही सांगत. कारण त्या 'आलं कधी'मध्येच एक चूक लपलेली आहे. शब्दाचं वय आणि गोष्टीचं वय एकच धरायचं, ही ती चूक. संशोधनाला लागणारा जवळपास प्रत्येकजण ती एकदा तरी करतो. मीही केली, म्हणून हे लिहितेय.

आधी जागा बघू. इटियाडोह म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर बांधलेलं धरण. १९७० च्या सुमाराला ते पूर्ण झालं. धरणाच्या खाली कालवे, कालव्यांच्या आजूबाजूला धानाच्या बांध्या. कालव्यावर शेती करणाऱ्या कुणालाही विचारा, तो दोन आकडे वेगळे ठेवतो : धरणात पाणी किती आणि टेलच्या बांधीत किती पोचलं. पहिला आकडा वर्तमानपत्रात येतो. दुसरा आकडा ज्याची बांधी त्यालाच ठाऊक असतो.

शिक्षक प्रशिक्षणाचा इतिहास वाचताना हे दोन आकडे मला सतत आठवत राहिले. किती शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, हे अहवालात सापडतं. मूल वर्गात रमलं का, हे शोधायला दुसरीकडे जावं लागतं.

शब्दाचं वय

शब्दाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९६८ मध्ये येल विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी न्यू हेवनमधल्या शाळांत काम सुरू केलं. मुलाचं घर आणि शाळा यांच्यात तुटलेपण असेल तर नुसत्या चांगल्या शिकवण्याने भागत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. १९९४ मध्ये कॅसेल ही संस्था स्थापन झाली आणि 'सोशल अँड इमोशनल लर्निंग' हे नाव रूढ झालं. पुढच्याच वर्षी डॅनियल गोलमन यांचं भावनिक बुद्धिमत्तेवरचं पुस्तक आलं आणि विषय घराघरांत पोचला.

२०११ मध्ये डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २१३ कार्यक्रमांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे २ लाख ७० हजार विद्यार्थी होते. अशा कार्यक्रमांतल्या मुलांची शैक्षणिक कामगिरी ११ शतमक अंकांनी वर गेलेली दिसली. आज बहुतेक प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात हा आकडा असतो. तो खरा आहे, पण वापरताना एक लक्षात ठेवा : त्यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतल्या शाळांमधले आहेत.

'विद्यार्थी सहभाग' या संकल्पनेचंही असंच. २००४ मध्ये फ्रेड्रिक्स, ब्लुमेनफेल्ड आणि पॅरिस यांनी तिचे तीन पदर मांडले : वर्तनाचा, भावनेचा आणि विचाराचा. मूल वर्गात येऊन बसतं हा वर्तनाचा पदर. त्याला वर्ग आपला वाटतो हा भावनेचा, आणि अवघड गोष्टीशी ते झटापट करतं हा विचाराचा. मराठीत आपण फार पूर्वीपासून म्हणतो, 'पोर शाळेत जातं, पण रमत नाही.' या एका वाक्यात पहिला पदर बाकीच्या दोघांपासून वेगळा काढलेला आहे.

गोष्टीचं वय

आता शब्द बाजूला ठेवू आणि प्रश्न शोधू. प्रश्न असा : शिक्षक आणि मूल यांच्यातलं अंतर कमी करायचं, तर शिक्षकाला कसं घडवायचं?

हा प्रश्न महाराष्ट्रात १८८२ मध्ये लेखी विचारलेला सापडतो. हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं त्यात प्राथमिक शिक्षकांवर सविस्तर लिहिलेलं आहे. शिक्षक प्रशिक्षित हवेत, आणि शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले हवेत, असं ते मांडतात. कारणही देतात. असा शिक्षक लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा आणि इच्छा त्याला कळतील, आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातात धरायला त्याला लाज वाटणार नाही. जातीमुळे मुलांपासून अंग चोरून राहणारा शिक्षक कितीही शिकलेला असला तरी मुलाच्या कामाचा नाही, हा त्या युक्तिवादाचा गाभा. आज ज्याला आपण 'शिक्षक-विद्यार्थी नातं' म्हणतो आणि प्रश्नावलीत पाच-सहा विधानांत मोजतो, त्याच्या मुळाशी फुल्यांना जात आणि श्रमाबद्दलची लाज दिसत होती. आपल्या प्रश्नावलीत या दोन गोष्टी आहेत का, हे एकदा तपासून बघा.

दुसरा टप्पा वर्ध्याचा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला तिथे शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समिती नेमली गेली. तेव्हा आजचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यात होता आणि भंडारा मध्यप्रांत व वऱ्हाडात. म्हणजे वर्धा याच प्रांतातलं. नयी तालीम म्हटलं की आपल्याला टकळी आठवते. पण समितीच्या अहवालात शिक्षकांच्या प्रशिक्षणावर वेगळा विचार आहे : नव्या शिक्षकांसाठी तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम आणि तातडीची गरज म्हणून एक वर्षाचा छोटा. हाताने काम करत, सोबत्यांशी सहकार्य करत शिकणारं मूल हवं असेल, तर आधी शिक्षकाने तसं शिकायला हवं, आणि त्याला वेळ लागतो हे त्यात मान्य केलेलं होतं. आज आपण प्रशिक्षण दिवसांत आणि तासांत मोजतो. त्या समितीने वर्षांत मोजलं होतं.

तिसरा टप्पा मला सगळ्यात जवळचा. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करून आल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला होता. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शहरातली बालशाळा जशीच्या तशी गावात चालेना. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. १९७५ ची एकात्मिक बालविकास योजना नंतरची. वारली मुलं गुरं राखायला जायची, म्हणून कुरणशाळा निघाली. गुरं चरतायत आणि बाजूला शिकणं चाललंय.

बालशिक्षिका घडवण्याचं कामही याच जागी चालायचं. त्यामुळे शिकाऊ बाईंसमोर पाठाच्या टाचणाआधी मूल यायचं, त्याच्या अंगणासकट. २००९ मध्ये जेनिंग्ज आणि ग्रीनबर्ग यांनी एका बहुचर्चित लेखात मांडलं की मुलांच्या भावनिक वाढीसाठी शिक्षकाची स्वतःची भावनिक तयारी आधी बघायला हवी. मला तो लेख वाचताना कोसबाडची टेकडी आठवली.

यंत्रणा आली

आता चित्र बदलतं. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली 'डाएट' आली. १९९४ मध्ये राज्याने शाळांची केंद्रं करून केंद्रप्रमुखांची ४,८६० पदं निर्माण केली. १ मे १९९९ ला गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यातून जिल्हा, जिल्ह्यातून तालुका, तालुक्यातून केंद्र, केंद्रातून शाळा, असा प्रशिक्षणाचा कालवा तयार झाला.

या कालव्याची थट्टा करणं सोपं आहे. मला ती करायची नाही. कोसबाडच्या टेकडीवरून काही शे शिक्षिका घडू शकतात, राज्यातले लाखो शिक्षक नाहीत. मोठ्या संख्येपर्यंत पोचायचं तर कालवा लागतोच. पण कालव्यातून काय वाहतं आणि काय वाटेत मुरतं, हे पदार्थावर अवलंबून असतं. नव्या पाठ्यपुस्तकाची रचना, मूल्यमापनाची तक्ते भरायची पद्धत, हे चार पायऱ्या उतरून बऱ्यापैकी शाबूत पोचतं. पण रागावलेल्या मुलासमोर शिक्षकाने क्षणभर थांबायचं कसं, हे ऐकून येत नाही. ते करून बघावं लागतं, चुकावं लागतं, आणि त्याबद्दल कुणाशी तरी बोलावं लागतं.

याच काळात राज्यात एक वेगळी वाट निघाली. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणलं गेलं. घर आणि माणसं गमावलेल्या मुलांना शिकवताना भावनांचा प्रश्न बाजूला ठेवताच येत नाही. पुढे त्यांच्याच फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ५०० जिल्हा परिषद शाळांत 'मूल्यवर्धन' सुरू केलं. संविधानातली मूल्यं धरून, जोडीत आणि छोट्या गटांत करायचे उपक्रम, असं त्याचं स्वरूप. नंतर ते शासनासोबत राज्यभर पसरलं. एसईएल हे नाव न घेता झालेला हा राज्यातला मोठा प्रयोग आहे. म्हणजे 'आलं कधी'चं उत्तर शोधताना 'एसईएल' एवढाच शब्द टाकून शोधलं असतं तर हा प्रयोग कदाचित निसटला असता.

२०१९ मध्ये केंद्राचं 'निष्ठा' प्रशिक्षण आलं. सुमारे ४२ लाख शिक्षक आणि मुख्याध्यापक हे त्याचं लक्ष्य. त्यात मुलांचे व्यक्तिगत-सामाजिक गुण आणि सुरक्षित शाळा यांवर भाग होता. विशेष म्हणजे मधल्या पायऱ्या कमी करून साधनव्यक्तींनी थेट शिक्षकांना शिकवावं, अशी त्याची आखणी होती. पाणी कुठे मुरतं हे धोरण आखणाऱ्यांनाही कळलेलं होतं. मग कोविड आला आणि प्रशिक्षण 'दीक्षा'वर ऑनलाइन गेलं. २०२० च्या धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला. पुन्हा तासच.

टेलच्या बांधीत

आता परत इटियाडोहला येऊ. इथे या सगळ्याचा अर्थ काय होतो?

एक, भाषा. हा झाडीपट्टीचा भाग. घरात झाडीबोली, काही घरांत गोंडी. झाडीबोलीत 'ण' नाही, 'पाणी'चं 'पानी' होतं. मुलाने 'पानी' म्हटल्यावर वर्ग हसला आणि शिक्षकही हसले, तर त्या दिवशीचा भावना ओळखण्याचा उपक्रम तिथेच संपला. मनातलं सांगायला आधी आपली बोली चालते याची खात्री लागते. फुल्यांचं अंतर इथे बोलीच्या रूपात उभं आहे.

दोन, हंगाम. रोवणा लागला की घरातली मोठी माणसं बांधीत, आणि धाकट्यांना सांभाळायला थोरली मुलगी घरी. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं. तेव्हा हजेरीपटावरच्या गैरहजेरीला 'सहभागाचा अभाव' असं नाव देणं म्हणजे मुलाच्या माथी शेतीचं वेळापत्रक मारणं. कुरणशाळेने हा प्रश्न शाळेच्या बाजूने सोडवला होता.

तीन, एक शेजार. धरणाच्या जवळच, गोठणगाव-प्रतापगड भागात, नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. एप्रिल २०१९ मध्ये दिल्लीत दलाई लामांच्या उपस्थितीत एमरी विद्यापीठाचा 'सी लर्निंग' हा सामाजिक-भावनिक-नैतिक शिक्षणाचा अभ्यासक्रम जगासाठी खुला झाला. करुणेचं शिक्षण व्हावं असा आग्रह अनेक वर्षं धरणारे त्या समाजाचे धर्मगुरू त्यामागे होते. 'ते अमेरिकेतलं ना' असं विचारणाऱ्याला मी आता हा नकाशा दाखवते.

संशोधनाला लागणाऱ्यांसाठी

माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानातलं. मोजल्याशिवाय बोलू नये ही सवय तिथली, आणि ती मी सोडलेली नाही. पण इतिहास वाचल्यावर एक सवय नव्याने लागली : मोजण्याआधी, हा आकडा कुणी आणि कशासाठी ठेवला ते विचारायचं. प्रशिक्षणाच्या नोंदीत शिक्षकांची हजेरी असते, कारण हिशेब तिचा द्यायचा असतो. शाळेच्या नोंदीत मुलांची हजेरी असते, कारण योजनांचा हिशेब तिच्यावर चालतो. दोन्हीकडे हजेरी आहे, रमणं कुठेच नाही. म्हणून फक्त या दोन नोंदींचा सहसंबंध काढून 'प्रशिक्षणाचा सहभागावर परिणाम' असं शीर्षक दिलं, तर आपण धरणातलं पाणी मोजून टेलचा अहवाल लिहिलेला असतो.

तुमचा विषय कोणताही असो, तीन कामं आधी करा. नवा शब्द येण्यापूर्वी ती गोष्ट कोणत्या नावाने चालायची त्याची यादी काढा. माझ्या यादीत मूल्यशिक्षण, संस्कार, नयी तालीम, बालशिक्षण, आनंददायी शिक्षण असे शब्द निघाले, आणि प्रत्येकाबरोबर वेगळं राजकारण निघालं. 'संस्कार' आणि फुल्यांची मांडणी एकाच माळेत ओवता येत नाही. दुसरं, मूळ कागद वाचा. फुल्यांचं निवेदन फार मोठं नाही, एका बैठकीत होतं. तिसरं, तुमच्या आकड्यांच्या शेवटी कोण आहे ते जाऊन बघा.

परवा एका ज्युनिअरने विचारलं, इतकं मागे जायची गरज काय, प्रश्नावली तर तयार मिळते. मी तिला म्हटलं, रोवण्याच्या दिवसांत ती प्रश्नावली घेऊन इकडे ये. वर्गात जी मुलं असतील त्यांच्याकडून भरून घे. आणि जी नसतील, त्यांची नावं वहीच्या वेगळ्या पानावर लिही. तुझं संशोधन त्या दुसऱ्या पानावरून सुरू होईल.