खोगिराची पेटी आणि 25 घोड्यांचा हिशेब

एरवी मी कोड लिहितो, पण सध्या अकोल्यात (विदर्भातलं अकोला नव्हे हां, आपलं नगरकडचं अकोले) सुतारकाकांसोबत सागाची पेटी बनवतोय. मित्राच्या घोड्याचं खोगीर, लगाम, रिकिबी त्यात राहणार. पेटीला खाली पाय आणि बाजूंना हवेसाठी भोकं ठेवलीत, कारण इथल्या पावसात कातड्याला बुरशी लागायला वेळ लागत नाही.

मग विचार आला, शिवकाळात हजारो घोड्यांचं सामान कोण सांभाळायचं?

तेव्हा स्वार दोन प्रकारचे. शिलेदाराचा घोडा आणि सामान स्वतःचं, बारगिराला दोन्ही सरकारातून. सभासद बखर सांगते, 25 बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. पावसाळ्यात फौज छावणीत परतायची. तिथे दाणा, वैरण, औषधं आधीच तयार. दसऱ्याला मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी व्हायची, आणि परतल्यावर झडती!

1679 मध्ये जालन्याच्या मोहिमेनंतर महाराज आपल्याच तालुक्यातल्या पट्टागडावर येऊन थांबले, म्हणून तो विश्रामगड. मराठा घोडदळाच्या वेगाचं कौतुक आपण खूप करतो. पण पोटाखालचा तंग कुजलेला असेल, तर स्वार भरधाव घोड्यावरून थेट जमिनीवर. तो वेग या चार महिन्यांच्या देखभालीतून यायचा. गड बघायला जाल तेव्हा तटबंदीसोबत त्या नालबंदाचीही आठवण काढा.

भेटू पुढच्या भागात!