विजयदुर्ग आणि ती पिवळी रेषा

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवितात आणि १८६८ साली लॉकियर या इंग्रज ज्योतिर्विदास येथेच हेलियमचा शोध लागला, असे सांगतात. वस्तुतः लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होते. शिवाय १८ ऑगस्टच्या त्या खग्रास ग्रहणासाठी, ऐन पावसाळ्यात, कोकणचे आकाश कोण निवडील? २० ऑक्टोबरला, ग्रहण नसतानाच, त्यांनी सूर्याच्या कडेचा प्रकाश लोलकांतून पृथक् करून पाहिला. तप्त वायूंतील प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशरेषांच्या जागा ठरलेल्या असतात. ही पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांशेजारी, तरीही त्यांहून निराळी होती. तिचे द्रव्य पृथ्वीवर रॅम्झे यांना सापडले ते १८९५ मध्ये. लॉकियर विजयदुर्गास आले, ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाकरिता. कट्टे त्याच मुक्कामाचे मानावे लागतात.