कल्याणच्या सुभेदाराची सून

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट ज्याने ऐकली नाही असा मराठी माणूस विरळाच. कल्याणची लूट शिवाजी महाराजांपुढे आली, तीत ती रूपवती होती आणि महाराजांनी तिला मातेसमान मानून सन्मानाने परत धाडले. पूर्वी ही कथा कीर्तनातून नि नाटकातून फिरे. आता व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरते. फरक एवढाच, की कीर्तनकार पुरावा जोडीत नसे. माझ्याकडे आलेल्या एका मजकुराखाली पुरावा म्हणून कल्याणच्या सुभेदारवाड्याचे छायाचित्र होते. तो वाडा पेशवाईतील रामाजी महादेव बिवलकर यांचा. महाराजांनी कल्याण घेतले तेव्हा तो उभाच नव्हता!

अशा मजकुराला तीन साधे प्रश्न विचारावेत. सांगतो कोण, केव्हा सांगतो आणि त्याला कळले कसे? कल्याण-भिवंडी महाराजांच्या हाती आली ती १६५७ च्या ऑक्टोबरात. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात या भागात महाराज लढाऊ जहाजे बांधीत असल्याची काळजी व्यक्त झाली आहे. म्हणजे कल्याण घेतल्याची हकीकत भक्कम आहे. पण सुनेचे काय? राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीस बखर लिहिणारा सभासद हा महाराजांच्या पदरचा माणूस. त्याच्या बखरीत हा प्रसंग नाही. १८२६ साली ग्रँट डफचा इतिहास प्रसिद्ध झाला. कल्याणचा मुलाना अहमद पकडला गेला आणि महाराजांनी त्याला आदराने विजापुरास जाऊ दिले, असे तो लिहितो. तेथे सुभेदार आहे, सून नाही.

आता कोणी म्हणेल, गोष्ट चांगली आहे, संस्कार घडवते, मग तिची उलटतपासणी कशाला? माझे उत्तर असे, की ज्याला महाराजांचे मोठेपण खुपते, त्याला ही एक कथा मोडून काढणे फार सोपे आहे. ती मोडली, की बाकीचेही सारे रचलेलेच, असे म्हणायला तो मोकळा होतो. टेकू निसटला तर घर पडल्याचा भास होतो. वास्तविक ते घर त्या टेकूवर उभेच नव्हते.

त्याचा खरा पाया निराळा आहे. रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केला, तेव्हा महाराजांनी त्याचे हातपाय तोडविले आणि पाटिलकी काढून घेतली. त्याचे पत्र उपलब्ध आहे. परमुलखात बायकापोरे धरू नयेत, हा लष्करी नियम सभासदाने नोंदवला आहे. आणि सर्वांत मोलाची साक्ष शत्रूकडची. मोगलांचा इतिहासकार खाफीखान महाराजांना शिव्याशाप देतो. तरीही त्यांच्या सैन्याला स्त्रियांची अब्रू राखण्याची सक्त ताकीद होती, हे त्याला लिहावेच लागले. खुशामतीचा संशय त्याच्यावर कोण घेणार?

दिवाळीत अंगणात किल्ले उभे राहतात, मुले मावळे मांडतात आणि गोष्टी मागतात. त्यांना सुभेदाराच्या सुनेची कथा अवश्य सांगावी, परंतु कथा म्हणून सांगावी. लगोलग रांझ्याच्या पाटलाची हकीकत सांगावी आणि तिचे पत्र आहे, हेही सांगावे. दोहोंतला भेद मुलांना कळतो. मोठ्यांनी तो पुसू नये, एवढेच.