विम्याच्या कागदातला निनावी चालक

मोटारविम्याची पॉलिसी हा काही वाङ्मयप्रकार नव्हे. तरीही वाचनाचा सराव असलेल्या माणसाने ती एकदा सावकाश वाचून पाहावी. तिच्यात एक मालक असतो, एक वाहन असते, एक त्रयस्थ पक्ष असतो. वाहनाचा तपशील तर इंजिनाच्या क्रमांकापर्यंत दिलेला असतो. ज्याच्या हाती हे वाहन प्रत्यक्ष जायचे तो चालक मात्र निनावी आहे. विमाधारक किंवा अन्य कोणीही चालेल, अपघाताच्या वेळी त्याच्याजवळ वैध परवाना असला म्हणजे झाले, एवढ्यावर ते कलम संपते. या निनावीपणाला इतिहास आहे, आणि त्याची किंमत आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांना कशी मोजावी लागते हे पाहण्याजोगे आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात मुलगा गाडी शिकला की विम्याच्या कागदावर त्याचे नाव चढते आणि हप्ता लक्षणीय वाढतो. मग आईबाप चार कंपन्यांचे दर पडताळतात, शाळेतल्या चांगल्या गुणांबद्दल मिळणारी सवलत मागतात, मुलाला जुनीच गाडी देतात. बीडमधल्या बापाला हा प्रश्न या रूपात पडत नाही. मुलगा अठरा वर्षांचा झाला, परिवहन कार्यालयातून परवाना आला, तरी ‘एमएच २३’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या त्या गाडीचा हप्ता केवळ तेवढ्यामुळे वाढत नाही. वरवर पाहता ही चैनच म्हणायची.

आपला कायदा इंग्लंडच्या १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याच्या वळणाने घडला. १९३९ चा मोटार वाहन कायदा आला, पण त्यातले सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पर्यंत अमलात आले नाही. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा तेथे पोहोचला तो संस्थान विलीन झाल्यानंतर, १९५१ मध्ये. मराठवाडा मुंबई राज्यात आला १९५६ साली, आणि अपघाताच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूदही त्याच वर्षाच्या दुरुस्तीने झाली. कायदा, राज्य आणि न्यायाधिकरण अशा तिन्ही गोष्टी या जिल्ह्यात पाच-सहा वर्षांच्या अंतराने आल्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हप्त्याचे गणित मात्र सगळीकडे एकच होते. १९७३ साली सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. दरपत्रक ठरलेले, घासाघीस नाही. २००२ च्या अखिल भारतीय दरपत्रकात खासगी मोटारीसाठी देशाचे दोन विभाग केलेले आहेत. मुंबई, पुणे, दिल्ली, हैदराबाद यांसारखी आठ शहरे पहिल्या विभागात. उरलेला सारा देश, म्हणजे नागपूरही आणि आपले आष्टी-पाटोदाही, दुसऱ्यात. दुसऱ्या विभागाचा दर किंचित कमी. इंजिनाची क्षमता, गाडीचे वय, तिची किंमत आणि विभाग एवढ्यांवर हप्ता ठरला. माणसाचा प्रवेश तेथे फक्त दावा न केल्याच्या सवलतीपुरता आहे, आणि ती पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढते. २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर मोकळे झाले, त्रयस्थ पक्षाचे अद्याप सरकारी अधिसूचनेने ठरतात. १ जून २०२२ च्या दरांत १००० सीसीखालील मोटारीला २०९४ रुपये, त्यापुढे १५०० सीसीपर्यंत ३४१६ आणि त्याहून मोठीला ७८९७ रुपये लागतात. चालवणारा साठीचा निवृत्त मास्तर असो की कालच परवाना मिळालेला पोरगा, आकडा तोच.

यामुळे एक भ्रम तयार झाला. ज्याची किंमत कागदावर दिसत नाही त्याला किंमतच नाही, असे आपण धरून चालतो. वास्तविक तरुण चालकाची किंमत हप्त्यात नाही, ती ‘वैध परवाना’ या दोन शब्दांत ठेवलेली आहे.

येथे आपल्या भाषेतला एक शब्द पाहण्याजोगा आहे. जुन्या दस्तऐवजांत अठरा वर्षांखालच्या मुलाला ‘अज्ञान’ म्हणतात. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरे असतात, त्यांचा अर्थ अज्ञान पालन कर्ता. गेवराईतला आठ वर्षांचा मुलगा अशा रीतीने दहा एकरांचा मालक असू शकतो. त्याच्या वतीने पालक सही करतो. स्टिअरिंगच्या बाबतीत ही सोय नाही. चाकामागे पालकाची सही चालत नाही. सोळाव्या वर्षी परवान्याची जी एक वाट कायद्याने ठेवली ती ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीची. लूनाच्या काळात तिला अर्थ होता. आज तसे इंजिन बाजारात मिळणे दुरापास्त झाले आहे. तरीही तालुक्याच्या गावी शिकवणीच्या वेळेला रस्त्यावर उभे राहावे आणि मोजावे. बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. त्याआधी या शहराचा सारा व्यवहार रस्त्यानेच झाला. घरात गाडी आहे आणि मुलाचे पाय पेडलला पोहोचतात, एवढे पुरेसे वाटत आले. याच जिल्ह्याचे दोन पुढारी, गोपीनाथ मुंडे (२०१४) आणि विनायक मेटे (२०२२), मोटार अपघातात गेले, तरी ही समजूत हललेली दिसत नाही.

न्यायालयांनी या दोन शब्दांचा अर्थ टप्प्याटप्प्याने लावला. १९८७ च्या कोकिळाबेन चंद्रवदन खटल्यात ट्रकचा चालक इंजिन चालू ठेवून काही खायला आणण्यासाठी उतरला, आणि परवाना नसलेल्या क्लीनरने ट्रक पुढे काढला. मालकाने स्वतः अट मोडलेली नाही, म्हणून विमा कंपनीने भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. २००४ च्या स्वरणसिंग निकालाने विचार आणखी नेमका केला: मालकाचा निष्काळजीपणा कंपनीने सिद्ध करावा, मात्र तो सिद्ध झाला तरी मृताच्या घरच्यांना पैसे आधी मिळावेत आणि कंपनीने ते नंतर मालकाकडून वसूल करावेत. जखमीच्या दृष्टीने ही मोठी न्याय्य गोष्ट आहे. मालकाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा, की वसुली शेतापर्यंत येऊ शकते. २०११ च्या दिल्लीतील एका खटल्यात नात्यातल्या अल्पवयीन मुलाने घरातून किल्ली उचलून दुचाकी नेली होती. मी परवानगी दिली नव्हती, हा मालकाचा बचाव टिकला नाही. किल्ली कोठे ठेवली होती, हाच प्रश्न उरला.

२०१९ च्या दुरुस्तीने १९९ अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक वा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, बारा महिने वाहनाची नोंदणी रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला झालेल्या अपघातानंतर हे कलम वर्तमानपत्रांत गाजले. ते त्याआधी पाच वर्षे पुस्तकात होतेच.

पण मला अधिक अस्वस्थ करते ते दुसरे प्रकरण, ज्यात मुलगा सज्ञान आहे, परवाना आहे, सगळे नियमात आहे. बापाचा जोडा मुलाच्या पायात येऊ लागला की त्याला मित्रासारखे वागवावे, असे आपल्याकडे म्हणतात. विमा कायद्यातही नेमका हाच जोडा आहे. कर्नाटकातला एक माणूस दुसऱ्याची हीरो होंडा मागून घेऊन निघाला. पुढे लोखंडी पत्रे नेणारी बैलगाडी एकाएकी थांबली, आणि तिच्यावर आदळून तो गेला. त्याच्या पत्नीच्या, निंगम्माच्या, दाव्यावर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गाडी मागून नेणारा मालकाच्या जोड्यात पाय घालतो. मालक स्वतःकडून भरपाई मागू शकत नाही. म्हणून ज्या कलमाखाली कोणाची चूक सिद्ध न करता भरपाई मिळते, त्याखाली त्याच्या वारसांनाही दावा सांगता येत नाही. ऊसतोडीच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर अंधारात चालणाऱ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा खटला परका वाटणार नाही. पॉलिसीत मालक-चालकासाठी पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते खरे. पण ते नोंदणीकृत मालकाचे. गाडी बापाच्या नावावर, चाकामागे मुलगा, आणि त्याच्याच चुकीने अपघात झाला तर ते पंधरा लाख त्याच्यासाठी नाहीत.

तेव्हा या घरांतला स्वस्त विम्याचा शोध बहुधा चुकीच्या ठिकाणी चालतो. नूतनीकरणाच्या वेळी एजंटाशी दोनशे-चारशे रुपयांवरून हुज्जत होते, जुन्या गाडीचे सर्वंकष संरक्षण काढून केवळ त्रयस्थ पक्षाचे ठेवले जाते. गाडीची किंमत उतरली असेल तर त्यात शहाणपण आहेच. किरकोळ खरचटल्याचा दावा न करता सवलत राखणे, लहान नुकसान स्वतः सोसण्याची रक्कम वाढवून घेणे, याही वाटा आहेत. २०२२ पासून चालवाल तितके भरा, चालवाल तसे भरा अशा जोडपॉलिसींना परवानगी मिळाली. म्हणजे चालकाची चाल आता प्रथमच हप्त्यात उतरू लागली आहे.

आणि ज्या दरपत्रकाने चालकाला निनावी ठेवले त्याच्याच पुरवण्यांत, पंधराव्या क्रमांकावर, एक जागा ठेवलेली आहे: पगारी चालक व क्लीनर सोडून अन्य कोणाही नामनिर्दिष्ट व्यक्तीसाठी वैयक्तिक अपघात संरक्षण. जादा हप्ता मुख्य हप्त्याच्या मानाने अल्प असतो. एजंट ती पुरवणी सहसा आपणहून काढत नाही, विचारावी लागते. मुलाचे नाव लिहिण्यासाठी त्या सबंध कागदात असलेली जागा ती.