कॅमेरॉनबाईंचे धूसर फोटो आणि एक जुळलेलं लग्न

आजचा भाग फोटोंबद्दल आहे आणि फोटोंवर दिल्या जाणाऱ्या मतांबद्दलही.

हल्ली साखरपुडा ठरला की फोटोग्राफरची तारीख आधी बघतात. मग किल्ला, समुद्र, नाहीतर भाड्याचा वाडा. फोटो हातात आले की मतांचा पाऊस सुरू होतो. आत्या म्हणते, "हिचा चेहरा नीट आला नाहीये." फोटोग्राफर मित्र म्हणतो, "फोकस थोडा सुटलाय, आणि मागचा खांब डोक्यातून निघाल्यासारखा दिसतोय." आणि ज्यांचा फोटो आहे ती दोघं मात्र त्याच फोटोकडे बघून गप्प बसलेली असतात, कारण त्यांना तोच आवडलेला असतो. मग बरोबर कोण? कुठलं मत घ्यायचं आणि कुठलं सोडायचं?

दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एका बाईसमोर अगदी हाच प्रश्न उभा राहिला होता. बाईंचं नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. त्यांच्या एका फोटोमुळे एक लग्न जुळलं, आणि त्या लग्नातला नवरा मुलगा पुढे थेट आपल्या मुंबईत येऊन पोचला. कसा, ते सांगतो.

कॅमेरॉनबाईंचा जन्म १८१५चा, कलकत्त्याचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत. नवरा चार्ल्स हे कॅमेरॉन, कायदेपंडित, वयाने बाईंपेक्षा बराच मोठा. १८४८ साली कुटुंब इंग्लंडला गेलं आणि १८६०मध्ये आइल ऑफ वाइट या बेटावर, फ्रेशवॉटर नावाच्या गावात स्थिरावलं. शेजारी कोण, तर कवी टेनिसन.

१८६३च्या नाताळात मुलीने आणि जावयाने बाईंना एक कॅमेरा भेट दिला. बाई तेव्हा ४८ वर्षांच्या. नवरा सिलोनला मळे बघायला गेलेला, तेवढाच एकटेपणात विरंगुळा, असा मुलीचा विचार होता. पण बाईंनी विरंगुळ्यावर थांबायचं नाव घेतलं नाही. कोळशाच्या खोलीची डार्करूम झाली. काचेच्या खुराड्यातल्या कोंबड्या बाहेर गेल्या आणि तिथे स्टुडिओ आला.

त्या वेळचं तंत्र जरा समजून घेऊ, नाहीतर पुढची टीका कळायची नाही. काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली आहे तोवरच फोटो घेऊन धुवायची. थर वाळला की संपलं. बाईंच्या काचा मोठ्या होत्या, पुढे तर १५ बाय १२ इंचांच्या. अंधूक उजेडात समोरच्या माणसाला कित्येकदा काही मिनिटं न हलता बसावं लागे. भिंग असं, की डोळ्यावर फोकस केला तर कान धूसर. त्यात धूळ, बोटांचे ठसे, ओघळ. हे सगळं त्यांच्या फोटोंत दिसतं.

त्या काळात बाजारात चालत होते ते छोटे कार्डाएवढे फोटो. माणूस पायापर्यंत दिसायचा, मागे पडदा, बाजूला खांब, आणि बटणसुद्धा मोजता येईल इतकं सगळं स्वच्छ. कॅमेरॉनबाई मात्र चेहऱ्याच्या अगदी जवळ जात. मागे अंधार, एका बाजूने उजेड, आणि कडा विरघळलेल्या.

वर्षभरातच त्या लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सभासद झाल्या. ही सोसायटी १८५३ची. तिच्या पाठोपाठ १८५४ साली मुंबईतही अशीच सोसायटी निघाली होती. म्हणजे एकमेकांचे फोटो समोर ठेवायचे आणि त्यावर बोलायचं, हा रिवाज आपल्याकडेही तितकाच जुना आहे.

आता टीका. फेब्रुवारी १८६५मध्ये सोसायटीच्या मासिकाने बाईंच्या फोटोंचा समाचार घेतला. सूर असा होता की, धाडस आहे, वेगळेपण आहे, पण त्यासाठी फोटोग्राफीतले बाकी सगळे गुण गमावलेले आहेत.

ॲलिसची गोष्ट लिहिणारे लुईस कॅरोल स्वतः उत्तम फोटोग्राफर होते. त्यांनाही हे धूसर फोटो पटत नव्हते. १८६४च्या उन्हाळ्यात ते फ्रेशवॉटरला गेले आणि दोघांनी एकमेकांना आपापले फोटो दाखवले. बाई म्हणाल्या, तुम्ही ज्यांचे फोटो काढलेत त्यातले काही जण मला मिळाले असते तर मी त्यांचे फोकस सोडून फोटो काढले असते. कॅरोल म्हणाले, मलाही तुमच्या काही माणसांबद्दल तसंच वाटतं, फक्त उलट! कॅरोलनी हे घरी पत्रात कळवलंय. मला हा प्रसंग फार आवडतो. दोघांनाही दुसऱ्याचं काम पसंत नाही, दोघंही तसं सांगतात, आणि तरी भांडण नाही.

बाईंनी सोसायटीच्या टीकेचं काय केलं? आठवणी लिहिताना त्यांनी साफ सांगितलं की ती टीका इतकी उघड अन्यायाची होती की मनावर घ्यावीशीच वाटली नाही. आणि फोकसबद्दल त्यांचं म्हणणं असं, की भिंग फिरवता फिरवता ज्या क्षणी समोरचं सुंदर दिसलं तिथे मी थांबले. बाकीचे लोक ते आणखी फिरवून काटेकोर करतात, मी केलं नाही. सुरुवातीला हे आपसूक घडलं हेही त्यांनी कबूल केलंय. पुढे त्यांनी तेच निवडलं. १८६४च्या अखेरीस त्यांनी खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना पत्रात विचारलं की योग्य फोकस कुठला हे ठरवायचा हक्क कुणाला आहे?

इथे कुणी म्हणेल, बाई हेकट होत्या, कुणाचं ऐकत नव्हत्या. पण तसं नाही, बरं का. हर्शेल म्हणजे फोटो पक्का करायला हायपो वापरता येतो हे ज्यांच्या संशोधनातून कळलं ते गृहस्थ. बाई त्यांना गुरू मानत, रसायनांच्या अडचणी विचारत. चित्रकार वॉट्स यांना त्या फोटो पाठवून मत मागत. वॉट्सनी त्यांना एक फार शहाणपणाची गोष्ट लिहिली आहे. मला महागडे, नीट चिकटवलेले फोटो पाठवू नका, बिघडलेले पाठवा, मला त्यावरूनही तितकंच कळेल, आणि तुमचे पैसे बुडवतोय असं मला वाटणार नाही. विचार करा, आपण मत मागायला नेहमी सगळ्यात चांगला फोटो पुढे करतो. मग ऐकायला काय मिळतं? वा, छान! बिघडलेला फोटो दाखवायला मात्र समोरच्यावर विश्वास लागतो.

आणखी एक. १८६९ साली बाईंच्या काचांवरच्या थराला बारीक तडे जायला लागले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. तेव्हा त्या काचा घेऊन कुणाकडे गेल्या? ज्या सोसायटीने टीका केली होती, तिच्याच बैठकीत! धुण्यात काही राहतंय का, समुद्राकाठची दमट हवा बाधतेय का, अशी चर्चा झाली. म्हणजे बाईंना टीकेचं वावडं नव्हतं. 'थर का तडकतो' हा कौशल्याचा प्रश्न होता आणि तिथे त्या विद्यार्थिनी होत्या. 'चेहरा असा का दिसतो' ही त्यांची निवड होती आणि तिथे त्या कुणाला बधत नव्हत्या. टीकाकारांनी या दोन गोष्टी एकाच पिशवीत घातल्या, आणि त्यामुळे त्यांचं जे बरोबर होतं तेही बाईंपर्यंत पोचलं नाही. कारण ओघळ आणि ठसे खरेच होते, तेवढ्यापुरतं मासिक चुकलेलं नव्हतं.

आता लग्नाकडे येऊ.

बाईंच्या घरी मेरी रायन नावाची मुलगी कामाला होती. आयरिश आईबरोबर लंडनजवळ पटनी हीथला भीक मागताना ती बाईंना भेटली होती. बाईंनी तिला घरात घेतलं, शिकवलं, आणि पुढे ती घरकाम करू लागली. कॅमेरा आल्यावर ती फोटोतही आली. १८६५मध्ये बाईंनी शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मधला प्रसंग लावला. प्रॉस्पेरो झाले त्यांचे मित्र, लेखक सर हेन्री टेलर, आणि मिरांडा झाली मेरी. मिरांडा म्हणजे बेटावर बापाबरोबर वाढलेली ती मुलगी, जिच्या आयुष्यात एक दिवस बाहेरून एक राजपुत्र येतो.

आणि खरंच तसं झालं. लंडनच्या प्रदर्शनात हेन्री कॉटन नावाच्या तरुणाने हे फोटो पाहिले. विशीतला मुलगा, हिंदुस्थानातल्या सनदी नोकरीच्या वाटेवर. मेरी तिथे मदतीला होती. तिने आपल्या हाताने लिहिलेली फोटोंची पावती त्याने जपून ठेवली, असं सांगतात. बाईंनी आठवणींत लिहिलंय की तो फोटो बघूनच त्याने मनाशी ठरवलं, दीड वर्ष वाट पाहिली आणि मग मागणी घातली. १८६७ साली दोघांचं लग्न झालं.

त्याच वर्षी बाईंनी दोघांना एकत्र कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि फोटोला नाव दिलं 'रोमिओ अँड ज्युलिएट'. आजच्या भाषेत याला लग्न ठरलेल्या जोडप्याचं शूट म्हणायला हरकत नाही. पोशाख, नाट्य, जवळीक, सगळं आहे. आणि फोकस? बाईंचा नेहमीचाच.

गंमत बघा. सोसायटीच्या जाणकारांनी या पद्धतीच्या फोटोंत चुका मोजल्या, आणि एका पोराने त्याच पद्धतीच्या फोटोत आयुष्याची जोडीदार पाहिली. म्हणून पोरगा बरोबर आणि जाणकार चूक, असं मी म्हणत नाही. प्रेमात पडलेल्या माणसाला धुक्यातही दिसतं, तो काही फोटोचा परीक्षक नव्हे. पण एक प्रश्न जाणकारांनी विचारलाच नाही, तो म्हणजे हा फोटो कुणी, कशासाठी बघायचा आहे? जोडप्याच्या फोटोवर मत देताना हा प्रश्न पहिला हवा.

दुसराही एक प्रश्न सुटला, आणि तो स्वतः बाईंच्याही हातून सुटला असं मला वाटतं. फोटोंच्या नावांत मेरी कुठे आहे? एकात ती मिरांडा, दुसऱ्यात ज्युलिएट. आठवणींत बाई या जोडप्याला भिकारीण आणि राजा या जुन्या कथेची उपमा देतात. ज्या घरात आपण कामाला आहोत, तिथली मालकीण 'बस' म्हणाली की नाही म्हणणं कितीसं सोपं असणार? फोकसवर एवढी शाई सांडली, पण समोर बसलेल्या मुलीला हा फोटो स्वतःचा वाटतो का, हा मुद्दा कुठल्या परीक्षणाचा झाला नाही. आजही साखरपुड्याच्या फोटोंत बहुतेक वेळा मुलीलाच 'असं बघ, असं हस' सांगतात. फोटोग्राफरला मत देताना तेवढं तरी बघू या.

पुढे काय झालं? मेरी लेडी कॉटन झाली. हेन्री कॉटन आसामचे चीफ कमिशनर झाले, चहाच्या मळ्यांतल्या मजुरांच्या मजुरीसाठी बोलले, हिंदुस्थानी लोकांच्या आकांक्षांवर 'न्यू इंडिया' हे पुस्तक लिहिलं. आणि १९०४ साली मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याच्या अध्यक्षपदी होते सर हेन्री कॉटन. फ्रेशवॉटरच्या कोंबड्यांच्या खुराड्यात बसलेला तो रोमिओ!

बाईंना बर्लिनच्या प्रदर्शनात १८६५ला कांस्यपदक आणि १८६६ला सुवर्णपदक मिळालं. १८७५मध्ये त्या सिलोनला गेल्या आणि १८७९ साली तिथेच वारल्या. घरची टीका चालूच राहिली. हेन्री पीच रॉबिन्सन हे त्या काळचे मोठे फोटोग्राफर, त्यांच्या मते फोटोग्राफीचं काम डाग पाडणं नव्हे. पण १८९०मध्ये एमर्सननी त्यांची बाजू घेऊन लिहिलं, आणि १९२६ साली व्हर्जिनिया वुल्फ आणि कलासमीक्षक रॉजर फ्राय यांनी त्यांच्या फोटोंचं पुस्तक काढलं. वुल्फ त्यांच्या भाचीची मुलगी.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी साखरपुड्याचा फोटो दाखवून "कसा आलाय?" विचारलं, तर आधी उलट विचारा, "यात तुला काय दाखवायचं होतं?" उत्तर ऐकून मग बोला. चूक हाताची असेल तर ती कशी सुधारायची तेही सांगा. आवड वेगळी असेल तर कॅरोलसारखं सरळ सांगा, आणि चहा घ्या. आणि फोटो तुमचा असेल, तर वॉट्सचं ऐका. चांगला फोटो भिंतीवर लावा आणि बिघडलेला ज्याच्यावर विश्वास आहे त्याला दाखवा.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात आजी-आजोबांचा लग्न ठरल्यावर काढलेला फोटो असेल, तर त्यांना एकदा विचारा, तो फोटो त्यांना स्वतःला आवडतो का. काय उत्तर मिळतं ते आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या भागात.