प्रस्तावना : हलवा, पापलेट आणि बोंबील

लालबागच्या बाजारात आईबरोबर जाणाऱ्या सहावीतल्या मुलाला मासळीची आठ-दहा नावं तोंडपाठ असतात : बोंबील, बांगडा, मांदेली, सौंदाळा, हलवा, रावस. त्याच मुलाला शाळेत ‘इंटरनेटवरून माशांची माहिती गोळा करा’ असा प्रकल्प दिला, की वहीत ‘निमो’चं चित्र येतं, शार्क येतो आणि मासा नसलेला डॉल्फिनही येतो. घरच्या कालवणातला मासा मात्र वहीत येत नाही. दादर-परळच्या मुलांच्या शोधाची सुरुवात या माशापासून व्हावी, यासाठी हे पुस्तक आहे.

शोध नावापासून सुरू होतो आणि पहिली ठेचही तिथेच लागते. ‘हलवा’ शोधला तर गाजराचा हलवा समोर येतो. त्याचं इंग्रजी नाव ‘ब्लॅक पॉम्फ्रेट’ शोधलं तर तो पापलेटचाच काळा भाऊ वाटतो. शास्त्रीय नाव सापडलं, पॅरास्ट्रोमेटिअस नायजर, की कळतं की हलव्याचं कूळ कॅरँजिडी आहे आणि पापलेटचं स्ट्रोमॅटिडी. एका नावावरून दुसऱ्या नावावर जाताना चुकीची समजूत गळून पडते, ती मुलांना स्वतः पाहू द्यावी. उत्तर आपण आधी सांगून टाकू नये.

पापलेटचा धडा याहून मोलाचा आहे. सप्टेंबर 2023मध्ये ते महाराष्ट्राचा राज्यमासा ठरलं. बहुतेक ठिकाणी त्याचं शास्त्रीय नाव पाम्पस अर्जेंटियस असं मिळतं. ते युफ्रासेन यांनी 1788 साली दिलेलं. अलीकडच्या संशोधनात मात्र आपल्या किनाऱ्यावरचं पापलेट म्हणजे पाम्पस कँडिडस, ही वेगळी जात असल्याचं दिसलं आहे. हे नाव क्युव्हिए यांनी 1829 साली दिलं होतं. म्हणजे दोन चांगल्या ठिकाणी दोन नावं मिळणार. अशा वेळी मूल विचारतं, ‘बाई, यातलं बरोबर कुठलं?’ या प्रश्नाची मी वर्षभर वाट पाहीन. माहिती कोणी लिहिली, कधी लिहिली, कशावरून लिहिली, हे शोधण्याची गरज त्या मुलाला आता स्वतःलाच वाटू लागलेली असते.

बोंबलाचंही तसंच. त्याचं ‘बॉम्बे डक’ हे इंग्रजी नाव रेल्वेच्या ‘बॉम्बे डाक’वरून आलं, ही गोष्ट इंटरनेटवर जागोजागी सापडते. मुलांना फक्त दोन तारखा शोधायला सांगा. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली 16 एप्रिल 1853 रोजी. आणि ‘बॉम्बे डक’ हे शब्द 1816 साली लंडनमध्ये छापलेल्या पुस्तकात आहेत. गोष्ट कितीही गोड असली तरी ती टिकत नाही. याच बोंबलाचं शास्त्रीय वर्णन हॅमिल्टन यांनी 1822मध्ये गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात केलं, हे कळल्यावर मुंबईकर मुलं जरा हिरमुसतात आणि मग नकाशा काढतात.

साधनं फार लागत नाहीत. ‘फिशबेस’वर 35,000हून अधिक जातींची नोंद आहे आणि अनेक भाषांतली स्थानिक नावंही आहेत; मात्र मराठी नावं रोमन लिपीत असल्यामुळे स्पेलिंग दोन-तीन प्रकारे करून पाहावं लागतं. 1947 साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची प्रकाशनं मोफत वाचता येतात. गिरगाव चौपाटीच्या ओहोटीत दिसलेल्या जीवाचा फोटो ‘आयनॅचरलिस्ट’वर टाकला, तर जाणकार माणसं ओळख पटवायला मदत करतात. 1951पासून मुंबईच्या मुलांना मासे दाखवणारं तारापोरवाला मत्स्यालय काही वर्षं बंद आहे, त्यामुळे या वाटांचं मोल वाढलं आहे.

पण पडद्यावर मिळालेलं पुन्हा बाजारात न्यायला हवं. पापलेटची किमान कायदेशीर लांबी 135 मिलिमीटर आहे, हे वाचलेल्या मुलाने पट्टी घेऊन टोपलीतली पापलेटं मोजावीत, अर्थात मावशींना विचारून. कोळणीला माशाच्या वयाची, हंगामाची, गाभोळीची जी जाण असते, तिचा फार थोडा भाग इंटरनेटवर आला आहे. तिचं म्हणणं तारीख घालून, तिच्याच शब्दांत लिहून घ्यावं. ती नोंदही संशोधनच आहे.

शिक्षकांना एकच विनंती. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि टोपल्यांत आपल्या किनाऱ्याची ताजी मासळी कमी दिसते. म्हणून हा प्रकल्प शाळा उघडल्याबरोबर लावू नका. नारळी पौर्णिमा होऊ द्या, मग मुलांना बाजारात घेऊन जा.